रिंगा टाकण्याआधी बोअर मोजा

तुळशीचं लग्न उरकलं की आळंदी, मोशी, चऱ्होली या पट्ट्यातली लॉन्स आणि मंगल कार्यालयं पुन्हा गजबजतात. लग्न लावायला आळंदीला महाराष्ट्रभरातून मंडळी येतात, त्यामुळे इथला हंगाम दांडगा. पण त्याआधीचे चार महिने, म्हणजे माउलींची पालखी पंढरपूरकडे निघाल्यापासून दसरा होईपर्यंत, गवत कापायच्या मशिनाला उसंत नसते. पाऊस पडतोय, हिरवळ वाढतेय, दोरी ओढणारा माणूस रोज वेगळा, आणि ऑइल बघणं हे कुणाच्याच वाट्याचं काम नाही. मग दिवाळीच्या तोंडावर मशीन निळा धूर सोडायला लागतं आणि मालक सांगून मोकळा होतो, "रिंगा गेल्यात, टाकून घ्या."

टाकायला हरकत नाही. छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि रिंगा बसवणं पत्र्याच्या शेडमध्ये, साध्या हत्यारांवर जमण्यासारखं काम आहे. पण नव्या रिंगा टाकूनही तेच मशीन पुन्हा धूर मारायला लागतं, ही तक्रारही तितकीच ऐकू येते. दोष रिंगांना दिला जातो, नाहीतर दुकानदाराला. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं: नवी रिंग ज्या सिलिंडरमध्ये गेली तो सिलिंडर कुणी मोजलेलाच नव्हता.

हा लेख मुख्यतः भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत पाळी करून घरी परतणाऱ्यांसाठी आहे. तुमच्यातल्या कित्येकांच्या हातात रोज मायक्रोमीटर आणि बोअर गेज असतो. वीस मायक्रॉन जास्त निघाले म्हणून जॉब लाल पेटीत टाकणारा माणूस रविवारी घरचं इंजिन बांधताना मात्र "बसतंय की" म्हणून मोकळा होतो, हे मला कधीच उमगलेलं नाही. इंजिनाचं मायक्रॉन काही वेगळं नसतं.

उदाहरणाला होंडाचं जीएक्स १६० आणि मोवरवर येणारं उभ्या शाफ्टचं जीएक्सव्ही १६० घेऊ. दोन्हींचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ४५ मिमी, म्हणजे १६३ सीसी. बाजारातली बरीच चिनी इंजिनं याच नमुन्यावर बेतलेली आहेत, तरी तुमच्या इंजिनाचे आकडे त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

आधी खात्री करा

निळा धूर दिसला की रिंगा गेल्या, असं नसतं. लॉन मोवरच्या बाबतीत तर बऱ्याचदा नसतंच. पातं साफ करायला मशीन आडवं केलं आणि कार्ब्युरेटरची बाजू खाली गेली, की क्रँककेसमधलं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये आणि तिथून कार्ब्युरेटरात उतरतं. मग सुरू करताच धुराचे लोट. दहा-पंधरा मिनिटं चालवून धूर विरला तर इंजिनाला हात लावू नका. मशीन तिरकं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील एवढं बघा, आणि भिजलेला फिल्टर बदला. ऑइल जास्त भरलं तरी असाच धूर येतो. डिपस्टिक बघायला अर्धा मिनिट पुरतो, इंजिन उतरवायला अख्खा दिवस जातो.

डिपस्टिक ठीक असेल तर प्लग काढा. इलेक्ट्रोड ओलसर काळे, तेलकट दिसले तर संशय बळावतो. प्लगच्या भोकातून चमचाभर, पाचेक मिली, इंजिन ऑइल आत सोडा, दोन-तीनदा हलकेच फिरवा, प्लग परत लावून दोरी ओढा. आधी सैल लागणारी दोरी आता जड लागली तर गळती रिंगांवाटे आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. फरकच पडला नाही तर व्हॉल्व्हची बैठक किंवा हेड गॅस्केट तपासा. कॉम्प्रेशन गेज लावणार असाल तर एक ध्यानात ठेवा: दोरी हलकी लागावी म्हणून या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर डिकॉम्प्रेशनची सोय असते, त्यामुळे आकडा कमीच दाखवतो. मोटारसायकलच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नका.

उघडताना

प्लगची कॅप आधी काढून बाजूला बांधा. पात्याखाली हात घालायचा असेल तर ही गोष्ट विसरून चालणारच नाही. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं. पेट्रोल आणि ऑइल रिकामं करा. खोलताना मोबाइलवर फोटो काढत चला, विशेषतः गव्हर्नरच्या स्प्रिंगा आणि लिंक कुठल्या भोकात आहेत त्याचे. पुशरॉड एकमेकांत मिसळू देऊ नका, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात उभे करा.

हेड निघालं की सिलिंडरच्या तोंडाशी बोटाचं नख फिरवा. रिंग जिथपर्यंत पोचते त्याच्या वर कार्बनची कड जमलेली लागते, कधी धातूचीच पायरी पडलेली असते. ती कड न खरवडता पिस्टन वर ढकलला तर रिंग अडकते आणि पिस्टनची रिंगेजवळची भिंत फुटते. पुढे क्रँककेसचं झाकण उघडून कॅमशाफ्ट काढा. कनेक्टिंग रॉडची कॅप काढण्याआधी रॉड आणि कॅप यांवरच्या जुळणीच्या खुणा बघून ठेवा. या रॉडमध्ये मोटारीसारखी वेगळी बेअरिंग नसते, ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकपिनवर फिरतो, त्यामुळे कॅप उलटी बसली तर इंजिन पहिल्याच दिवशी आवळून बसेल.

निघालेल्या पिस्टनकडे घाईने बघू नका. स्कर्टवर एकाच जागी चकचकीत उभे ओरखडे आणि माखलेला धातू दिसला तर ऑइल कमी पडलं होतं किंवा थंडाव्याच्या पाकळ्यांत गवत कोंबून इंजिन तापलं होतं. सगळीकडे सारखाच मंद, राखाडी घासलेपणा आणि रिंगेच्या कडेवर बारीक उभ्या रेषा असतील तर धूळ आत गेली. आपल्या भागात हे दुसरं चित्र जास्त, आणि त्यात नवल नाही: मोशीच्या खाणी, चाकण-शिक्रापूर रस्त्यावरचे कंटेनर आणि दिवाळीनंतर वाळलेली हिरवळ कापताना उडणारा फुफाटा. धूळ कुठून शिरली ते शोधल्याशिवाय नव्या रिंगा टाकू नका. एअर फिल्टरचा फोम फाटलेला असतो, नाहीतर कार्ब्युरेटरच्या मागचं गॅस्केट तुटलेलं असतं, नाहीतर कुणीतरी "पिकअप येतो" म्हणून फिल्टर काढूनच मशीन चालवलेलं असतं.

रिंगेनेच बोअर मोजा

बोअर गेज हाताशी असेल तर उत्तम. तीन उंचीवर आणि प्रत्येक उंचीवर काटकोनातल्या दोन दिशांना मापं घ्या. जीएक्स १६० चा बोअर कोरा असताना ६८.००० मिमी असतो आणि ६८.१६५ ला त्याची मर्यादा संपते. पिस्टनचा स्कर्ट पिनशी काटकोनात, खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर मोजायचा, कोरा ६७.९८५, मर्यादा ६७.८४५.

बोअर गेज नसेल तर नवी रिंग आणि फीलर गेज यांच्यावरही भागतं, आणि हा उपाय वाटतो त्यापेक्षा अचूक आहे. वरची नवी रिंग पिस्टनवर न चढवता नुसतीच सिलिंडरमध्ये घाला. पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने ती खाली सारा, म्हणजे ती तिरपी न राहता सरळ बसते. आधी तिला सिलिंडरच्या अगदी खालच्या भागात न्या, जिथे एरवी रिंग पोचत नाही आणि झीज जवळजवळ नसते. तिथे दोन टोकांमधला गॅप फीलर गेजने मोजा. मग रिंग वर आणून माथ्यापासून साधारण एक सेंटिमीटर खाली, जिथे झीज सगळ्यात जास्त असते, तिथे पुन्हा मोजा.

आता हिशेब. व्यास वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट वाढतो, आणि परिघातली सगळी वाढ त्या एका गॅपमध्ये येऊन उघडी पडते. समजा खाली गॅप ०.३० मिमी आणि वर ०.६२ मिमी आला. फरक ०.३२, त्याला ३.१४ ने भागा, म्हणजे बोअर वर सुमारे ०.१० मिमी मोठा झालाय. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला तर सिलिंडर मर्यादेला टेकलाच समजा. इथे नुसत्या रिंगा टाकून पैसे वाया घालवू नका, बोअरिंगला द्या.

या पद्धतीला एक आंधळी बाजू आहे. रिंग लवचीक असल्यामुळे अंडाकार झालेल्या भोकातही ती बऱ्यापैकी पसरून बसते, म्हणून सिलिंडर लंबगोल झालाय का हे ती सांगत नाही. उभ्या ओरखड्यात नख अडकत असेल किंवा पिस्टन एका बाजूला जास्त घासलेला असेल तर गेजच हवा. आपल्याकडे तो मिळवणं अवघड नाही, ओळखीच्या टूलरूममध्ये विचारा. भोसरीत बोअरिंग-होनिंगवाले तर आहेतच.

खालच्या न झिजलेल्या भागातला गॅप ०.२ ते ०.४ मिमी आला पाहिजे. कमी असेल तर रिंग तापून फुगल्यावर टोकं भिडतील आणि सिलिंडर ओरबाडतील. बारीक सपाट कानस घेऊन एकाच टोकावर, बाहेरून आतल्या दिशेने, हलके हात मारा आणि धार मोडा. गॅप १ मिमीला पोचला तर रिंग चुकीची आलीय किंवा बोअर संपलाय.

एक शिफारस सर्रास केली जाते, ती मला मुळीच पटत नाही: झिजलेल्या बोअरमध्ये स्टँडर्ड पिस्टनवर ओव्हरसाइज रिंगा, टोकं कानसून, बसवायच्या. दोरी पहिल्या दिवशी जड लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण झिजलेला सिलिंडर वर रुंद आणि खाली अरुंद असतो, त्यामुळे रिंग प्रत्येक फेरीत आत-बाहेर होत राहते. पिस्टन मूळच्याच मापाचा, म्हणून तो डुलतो आणि रिंगेचा काठ सिलिंडरला सपाट टेकत नाही. बोअर ०.२५ ने वाढवून घेतला तर पिस्टन आणि रिंगा दोन्ही ०.२५ च्याच, हा नियम मोडण्यात काहीच स्वस्त नाही.

होनिंग आणि साबण

बोअर मर्यादेत असेल तर त्याचा आरशासारखा झालेला पृष्ठभाग मोडायला हवा. हँड ड्रिलवर लावायचा तीन दगडी होन मिळतो. पातळ ऑइल सोडत, ड्रिल कमी वेगात ठेवून, हात सतत वर-खाली हलवत फिरवा, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी उठते. याच जाळीत ऑइल धरून राहतं. थोडक्यात आवरा, हा दगड झीज भरून काढत नाही, धातू कमीच करतो. आणि ही कृती ओतीव लोखंडाच्या लायनरसाठी आहे. टू-स्ट्रोक ब्रश कटरच्या सिलिंडरला आतून क्रोमचा किंवा तसाच कठीण मुलामा असतो, त्याला होन लावला की सिलिंडर भंगारात.

यानंतरची पायरी बहुतेक जण चुकवतात. होनिंगचा चुरा पेट्रोलने किंवा डिझेलने धुतला तर ऑइल निघून जातं आणि दगडाचे कण रेषांमध्ये तसेच बसून राहतात. हे कण म्हणजे पॉलिश पेपरचीच पूड. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश घ्या, फेस काळा यायचा थांबेपर्यंत घासा, वाळवा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं स्वच्छ ऑइल घेऊन सिलिंडरमधून फिरवा. फडकं करडं झालं तर परत साबण. पांढरंच निघालं की थांबा, आणि लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

रिंगा चढवताना

पिस्टनच्या खाचांमधला कार्बन काढायला जुनी रिंग तोडून तिचं टोक वापरा. स्क्रूड्रायव्हर घातला तर ॲल्युमिनियम सोलून निघेल. ऑइल रिंगेच्या खाचेतली बारीक भोकं मोकळी हवीत, सिलिंडरवरून खरवडलेलं ऑइल त्यांतूनच परत खाली जातं. साफ खाचेत नवी रिंग धरून फीलर गेज सारून बघा. वरची फट ०.१५ मिमीच्या पुढे असेल तर खाच झिजलीय आणि पिस्टनही बदलायला झालाय.

चढवण्याचा क्रम खालून वर. आधी ऑइल रिंगेची नागमोडी स्प्रिंग, तिची टोकं एकमेकांवर चढू न देता समोरासमोर टेकवा. मग तिच्या वर आणि खाली एकेक पातळ पट्टी. नंतर दुसरी रिंग, शेवटी पहिली. या दोन दिसायला सारख्या वाटतात, पण अदलाबदल चालत नाही: बहुतेक संचांत वरची बाहेरून चकचकीत, क्रोमची असते, दुसरी मंद रंगाची आणि काठाला किंचित उतार असलेली. गॅपजवळ कोरलेलं अक्षर वरच्या बाजूला, पिस्टनच्या माथ्याकडे. दुसरी रिंग उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते, आणि सगळं नवं टाकूनही धूर का येतो हे कोडं कधीच उलगडत नाही. रिंग फाकवताना गरजेपुरतीच फाकवा. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं.

रिंगांचे गॅप १२० अंशांवर वाटून द्या, एकाखाली एक येऊ देऊ नका. इंजिन चालताना रिंगा खाचेत हळूहळू फिरतच राहतात, म्हणून कुणी अंश मोजायला कोनमापक आणला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. टू-स्ट्रोकमध्ये मात्र खाचेत बारीक पिन असते आणि रिंगेची टोकं तिच्यावरच आली पाहिजेत.

गजन पिनच्या क्लिपा नेहमी नव्या. क्लिपचं उघडं तोंड पिस्टनच्या कडेवरल्या खाचेसमोर येऊ देऊ नका. सुटलेली क्लिप सिलिंडरला जी खोल चरी पाडते ती बोअरिंगनेही जाईलच असं नाही.

पिस्टन आत

क्रँक फिरवून क्रँकपिन सगळ्यात खाली आणा. सिलिंडर, रिंगा, स्कर्ट, क्रँकपिन, सगळ्यांना स्वच्छ इंजिन ऑइल. पिस्टनच्या माथ्यावरची त्रिकोणी खूण जीएक्समध्ये पुशरॉडच्या बाजूला येते. रिंग कॉम्प्रेसर नसेल तर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून वर पाइपची क्लिप आवळली तरी काम होतं. पत्र्याला धार नको आणि तो सिलिंडरच्या तोंडावर चहूबाजूंनी टेकलेला हवा.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने माथा दाबा. पिस्टन हळूहळू, सारख्या घर्षणाने उतरतो. मध्येच कुठे ठक्कन अडला तर तिथेच थांबा. एखादी रिंग पत्र्याखालून निसटून सिलिंडरच्या काठावर बसलीय, आता दांड्याचा एक ठोका आणि रिंग गेली. बाहेर काढा, पुन्हा आवळा. दुसऱ्या हाताने खालून रॉडला वाट दाखवत राहा, त्याचं टोक क्रँकपिनला घासता कामा नये.

कॅप खुणा जुळवून लावा. बोल्टचा टॉर्क १२ न्यूटन-मीटर, दोन टप्प्यांत. हा आकडा किती लहान आहे बघा: २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सहा किलोचा जोर. ट्रकचे नट आवळायची सवय असलेला हात इथे बोल्ट ताणून ठेवतो, आणि ताणलेला बोल्ट वेगात तुटला की रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. टॉर्क पाना घरी नसेल तर दोन तासांसाठी मागून आणा. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने पूर्ण फिरवा. कुठे अडलं तर तिथल्या तिथे कारण शोधा.

पुढचं भराभर. कॅमशाफ्टच्या आणि क्रँकच्या गिअरवरचे ठिपके समोरासमोर आणा. झाकणाचं गॅस्केट नवं. हेडचं गॅस्केट नवं, बोल्ट आडव्या क्रमाने, शेवटचा टॉर्क २४ न्यूटन-मीटर. इंजिन थंड आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असताना व्हॉल्व्हची फट लावा: इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी. मोवरचं पातं कधी दगडावर आदळलं असेल तर फ्लायव्हीलची चावी कातरली गेलीय का आणि शाफ्ट वाकलाय का, तेही आताच बघून घ्या.

पहिले पाच तास

१०डब्ल्यू-३० ऑइल, जीएक्स १६० ला सुमारे ०.६ लिटर, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत. प्लग काढून दोरी दहा-बारा वेळा ओढा म्हणजे ऑइल सगळीकडे पोचेल, मग सुरू करा. सुरुवातीचा थोडा धूर हा लावलेल्या ऑइलचाच असतो.

"नवं काम आहे, दोन तास स्लोवर ठेवा," हा सल्ला मनावर घेऊ नका. रिंग सिलिंडरवर केवळ स्वतःच्या ताणाने टेकत नाही. जळणाऱ्या वायूचा दाब तिच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर ढकलतो. भारच नसेल तर तो दाब अपुरा पडतो, रिंग जाळीवर घासून बसण्याऐवजी ऑइलवर तरंगते आणि सिलिंडर पुन्हा गुळगुळीत होतो. काही मिनिटं गरम होऊ द्या, गळती बघा, आणि सरळ कामाला लावा. छोटं गवत, मध्यम भार, अधूनमधून थोडी विश्रांती. गुडघाभर वाढलेला कोपरा मात्र पहिल्या दिवशी नको. ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन येतो, तेव्हा रिंगेला जागा धरायला फार दिवस लागत नाहीत.

पाच तासांनी इंजिन गरम असतानाच पहिलं ऑइल काढा, पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि उन्हात तिरकं धरून बघा. करडी झाक आणि अगदी बारीक चमक असणारच. डब्याखाली चुंबक फिरवून ती गोळा झाली तर ते रिंगा आणि सिलिंडरचं लोखंड आहे, काळजी नको. चुंबकाला दाद न देणाऱ्या चंदेरी चकत्या तळाशी दिसल्या तर ते रॉडचं किंवा पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे; नवं ऑइल भरून दोरी ओढू नका, झाकण परत उघडा आणि रॉडच्या कॅपपासून सुरुवात करा.